मामांची तिफण आणि अकरा हजार व्होल्ट

आमच्या शेडमध्ये टेबलांखाली वायरचे तुकडे साठतात. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी चहापर्यंत पुन्हा तेवढेच! किश्श्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी करायला जात नाही, काम चालू असलं की आपोआप पडत राहतात. फरक एवढाच की तुकडे भंगारवाला नेतो आणि किस्से न्यायला कुणी येत नाही. तुम्ही निवांत बसलाच आहात, तर थोडे तुम्ही न्या.

शेड म्हणजे नगरच्या नागापूर एमआयडीसीतलं आमचं इलेक्ट्रिकल पॅनलचं वर्कशॉप. मी तिथं टेस्टिंगला. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. शेतीपंपाच्या स्टार्टरच्या डब्यांपासून त्यांनी धंदा उभा केला. वायरिंगचे मुख्य बबनमामा, खर्ड्याकडचे. शेडमध्ये त्यांचा एकही भाचा नाही, पण मामा सगळ्यांचेच. त्यांच्या शेजारच्या टेबलावर कौसल्या. तिचा हात सावकाश चालतो आणि तोंड फास्ट.

मोठ्या व्होल्टेजची कामं आजवर पुण्याला जायची. मागच्या वर्षी भाऊंनी हिंमत केली आणि एका पंपहाऊसचं अकरा हजार व्होल्टचं पॅनल अंगावर घेतलं. त्या दिवशी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "मामा, हे पास झालं तर हायव्होल्टेजचा नवा विभाग आपल्याकडं, आणि तो तुमच्या हाताखाली. नापास झालं तर पुन्हा स्टार्टरचे डबे. तुम्हालाही आणि मलाही!"

मामांनी दुपारच्या सुट्टीत गावाकडं फोन लावला आणि विभाग मिळाल्याचं सांगून टाकलं. पॅनलचा पत्रासुद्धा तेव्हा आला नव्हता!

*

मामांची ख्याती कशात, तर वायर बांधण्यात. शंभर वायर असोत, मामा त्या विंचरून, एकत्र करून, ठरावीक अंतरावर प्लास्टिकचे पट्टे आवळून अशा बांधणार की बघत राहावं. शेडमध्ये त्याला 'मामांची वेणी' म्हणतात. नवं गिऱ्हाईक आलं की भाऊ आधी वेणी दाखवतात, मग दर सांगतात.

तर अकरा हजारांच्या पॅनलमध्येही मामांनी वेणी घातली. तिन्ही फेजच्या जाड केबल एकत्र घेतल्या, घट्ट आवळल्या, पत्र्याच्या भिंतीला टेकवून खालपर्यंत नेल्या. फोटो काढून स्टेटसलाही ठेवला. मी बघितलं आणि म्हटलं, "मामा, हे सगळं सोडा."

"सोडू?" मामांचा चेहराच पडला. "ताई, अशी येणी नवरीलाबी कुनी घालत न्हाई!"

मी समजावून सांगितलं. काही केबलना आतून तांब्याचं कवच असतं, ते जमिनीला जोडलेलं असतं. तसली केबल कशालाही टेकली तरी चालते. आपली केबल बिनकवचाची. वरून रबर दिसतं, पण विजेचा दाब त्या रबराच्या अंगावरही असतो. अशा दोन केबल चिकटल्या किंवा पत्र्याला टेकल्या, की मधली चिमूटभर हवा तापलेल्या तेलासारखी चुरचुरायला लागते आणि हळूहळू रबर खाते. आज काही होत नाही. काही महिन्यांनी मात्र धमाका होतो.

"म्हंजी एका पॅनलमधी ऱ्हायाचं, पर एकमेकाला शिवायचं न्हाई?" मामांना पटेना. "असं कुठं असतंय व्हय?"

कौसल्या मान वर न करता म्हणाली, "आमच्या घरी या. थोरला दीर आन् मी असंच ऱ्हातो!"

*

तरी मामा अडूनच बसले. "आमी इतकी वर्षं बांधतोय, कधी चुरचुरलं न्हाई," हे त्यांचं पालुपद. स्टार्टरच्या डब्यात कसं चुरचुरणार? तिथं दाबच तेवढा नसतो. शेवटी मी त्यांची वेणी घातलेला एक जुडगा टेस्टरूममध्ये नेला, दिवे घालवले, सगळ्यांना जाळीबाहेर उभं केलं आणि व्होल्टेज चढवायला लागले.

आधी काहीच नाही. मग बारीक आवाज सुरू झाला, कढईत भजी सोडल्यासारखा. चुर्रर्र! मग वेणीच्या सांध्यासांध्यातून जांभळा उजेड दिसायला लागला. खोलीत एक विचित्र, नाकाला झोंबणारा वास भरला. मला वाटलं, आता मामा गंभीर होणार.

मामा अंधारात हळूच म्हणाले, "लई झ्याक दिसतंय की! दिवाळीला भाऊंच्या दारात लावू."

पण दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा पॅनलमधले सगळे पट्टे कापलेले होते. केबल मोकळ्या सोडल्या होत्या आणि मामा चहा पीत बसले होते.  मला फार बरं वाटलं.

*

आता अंतर ठेवायचं म्हणजे पॅनल रिकामं दिसणार. आणि रिकामी जागा आपल्या माणसाला बघवत नाही! एसटीत रिकामी सीट दिसली की खिडकीतून रुमाल पडतो, तसं झालं. आधी एकाने केबलच्या मधे हेल्मेट ठेवलं. मग कुणी पान्यांची पिशवी अडकवली. मग माझ्या नजरेस मामांचा जेवणाचा डबाच पडला, लाल आणि पिवळ्या फेजच्या बरोबर मध्ये.

मी डबा बाहेर काढतेय तोच भाऊ आले. त्यांनी दार पूर्ण उघडून आत पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "एवढी जागा वाया? इथं एक फ्यूजचं खोकं सहज बसेल."

"भाऊ, ती जागा रिकामी नाही," मी म्हटलं. "तिथं हवा ठेवलीय."

"हवा?"

"हवाच तर काम करतेय. तीच फेजना एकमेकांपासून लांब धरते. ना पगार मागत, ना चहा पीत, ना रजा घेत."

भाऊंनी पुन्हा एकदा आत पाहिलं. चेहरा बदलला. "अस्सं होय! मग आणखी थोडी ठेवा की!"

*

खरी डोकेदुखी वेगळीच होती. जाड केबल हट्टी असते. गुंडाळीतून आलेली, तिला वाकायची सवय. संध्याकाळी सरळ लावावी तर सकाळी शेजारणीकडे कललेली! तिला जागच्या जागी धरायला वीज न वाहू देणारे इपॉक्सीचे ठोकळे येतात, दिसायला अगदी पालथ्या कपासारखे. पण ते बसवेपर्यंत अंतर धरायचं कशाने?

मामा चार बोटं धरायचे. कौसल्याही चार बोटं धरायची. आणि मामांची बोटं केळ्यासारखी, कौसल्येची भेंडीसारखी! वरचं अर्धं पॅनल मामांच्या मापाचं, खालचं अर्धं कौसल्येच्या. ड्रॉइंगमधलं माप तिसरंच. टेप लावावा तर एका हाताने केबल दाबायची, एका हाताने टेप धरायचा आणि बोल्ट काय दाताने आवळायचा?

"तपासायला येनाऱ्या सायबाला काय सांगायचं?" कौसल्या म्हणाली. "वरती मामा मोजा, खालती मला मोजा?"

मामा त्या आठवड्याची सुट्टी घेऊन गावी गेले. जाताना माझ्याकडून ड्रॉइंगचं माप लिहून नेलं. परत आले ते खांद्यावर एक लाकूड घेऊन. जुनी मोडकी तिफण होती घरी. तुम्ही पेरणी बघितली असेल तर ठाऊक असेल, तिफणीचे फण ठरलेल्या अंतरावर असतात, म्हणून ज्वारीच्या ओळी सारख्या पडतात. त्याच लाकडातून गावच्या सुताराकडून मामांनी छोटी तिफण करून आणली होती. तिचे दात केबलच्या मध्ये घालायचे, केबल आपोआप लांब राहते, दोन्ही हात मोकळे. ठोकळे बसले की तिफण बाहेर.

"दोन वळी जवळ आल्या की दोनीबी पिवळ्या पडत्यात," मामा ऐटीत म्हणाले. "ह्ये आमाला आदीच ठाव हुतं!"

"ठाव हुतं तर वेणी कशाला घातली?" कौसल्येने विचारलं.

मामांना त्या दिवशी ऐकायला कमी येत होतं.

*

एकदा गोष्ट डोक्यात शिरली की मामा तिला बाहेर पडू देत नाहीत. त्यांनी शेडच्या दोरीवरचे ओले हातरुमाल लांब लांब केले. पार्किंगमधल्या मोटारसायकली एकमेकींपासून सरकवल्या, त्यामुळे भाऊंच्या गाडीला जागाच उरली नाही. हे सगळं आम्ही सहन केलं. मग त्यांच्या पुतण्याचं लग्न निघालं. मी आणि कौसल्या दोघी खर्ड्याला गेलो.

पंगतीची जबाबदारी मामांकडे होती. मामांनी पत्रावळी अशा अंतरावर मांडल्या की पंगत मांडवातून निघाली, वळण घेऊन रस्त्याला लागली आणि शेजारच्याच्या गोठ्यापाशी जाऊन थांबली. शेवटच्या पाहुण्याला नवरा-नवरी दिसतच नव्हती. बिचारा म्हशीसमोर बसून जेवत होता!

बुंदी वाढणारा पोरगा घामाघूम झाला. "मामा, बुंदी घेऊन मी शेवटाला पोचतोय, तवर पहिला मानूस हात धुऊन पान खातोय!"

मामा कमरेवर हात ठेवून अभिमानाने पंगतीकडे बघत होते. "ते ऱ्हाऊ दे. एकाचं तरी कोपर दुसऱ्याच्या आमटीत गेलं का?"

*

आता इन्स्पेक्टर साहेबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिऱ्हाईकाच्या वतीने पॅनल तपासायला येणारे हे साहेब. उंच, सडपातळ, खिशाला स्टीलची पट्टी. हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. कुठल्याही कारखान्यात ते पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत, चहा स्वतःच्या थर्मासमधून. त्यांच्या तोंडी दोनच शब्द असतात, म्हणून आम्ही त्यांना 'दुसरं-आणा साहेब' म्हणतो.

पूर्वी एकदा ते साध्या पॅनलसाठी आले होते. बोल्टला गंज दिसला: "दुसरा आणा." नावाची पाटी तिरकी: "दुसरी आणा." भाऊंनी खास उशी घातलेली खुर्ची पुढे केली. साहेबांनी एका बोटाने ती हलवली. पाय डुगडुगला. "दुसरी आणा."

शेवटी सगळं पास झालं. भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला आणि सहीसाठी खिशातलं आपलं आवडतं पेन दिलं. पहिल्या रेघेला शाई उतरली नाही.

भाऊ स्वतःच म्हणाले, "आणतो साहेब, दुसरं आणतो!"

*

आणि मग तो टेस्टचा दिवस.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. टेस्ट साडेदहाला, म्हणजे अकराला सगळं आटोपणार, असा हिशेब करून त्यांनी कॅन्टीनच्या जनामावशींना सांगून ठेवलं होतं, "आकराला कांदाभजी सोड. पास झाल्याबरुबर सगळ्यांच्या हातात गरम पायजेल!" आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. भाऊंना कळलं असतं तर त्यांनी मामांनाच कढईत सोडलं असतं.

साहेब वेळेवर आले. भाऊंनी पॅनलपुढे नारळ फोडायची परवानगी मागितली. साहेबांनी नारळ हातात घेतला, कानाशी नेला, हलवला. पाण्याचा आवाज नाही.

"दुसरा आणा."

दुसरा नारळ आणायला मोटारसायकल चौकापर्यंत गेली. तोवर साहेबांनी थर्मासमधला चहा घेतला. टेस्ट सुरू व्हायलाच अकरा वाजत आले.

नियम असा: एकेका फेजवर अठ्ठावीस हजार व्होल्ट, एक मिनिट. पॅनल टिकलं पाहिजे. पण साहेबांची स्वतःची एक जादा अट होती. "नुसतं टिकून उपयोग नाही. आवाज येता कामा नये." दिवे घालवले. सगळे जाळीबाहेर. मी व्होल्टेज चढवलं. दहा हजार, वीस हजार, अठ्ठावीस. घड्याळ सुरू झालं.  पलीकडे भाऊ हात जोडून उभे होते.

आणि आवाज आला.

चुर्रर्रर्र!

 साहेबांनी हात वर केला. मी व्होल्टेज उतरवायला घेतलं. अंधारात मामांचा श्वास ऐकू येत होता. नवा विभाग, गावाकडचा फोन, पुण्याच्या नाकावर टिच्चून घेतलेलं काम, सगळं त्या एका आवाजात तळून निघत होतं. भाऊ पुटपुटले, "संपलं."

व्होल्टेज शून्यावर आलं. मी दिवे लावले, आत जाऊन उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा दांडा लावला. आता पॅनलमध्ये काहीच नव्हतं.

चुर्रर्रर्र!

सगळे पॅनलकडे बघत राहिले. मी दांड्याकडे बघितलं, दांडा जागेवर होता. "ताई," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता तर करंटबी न्हाई..."

साहेबांनी नाक वर केलं. दोनदा वास घेतला. मग भिंतीतल्या उघड्या खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीपलीकडे कॅन्टीन.

"कांदा आहे," साहेब म्हणाले.

कौसल्या धावत गेली. शेगडी बंद झाली, खिडकी बंद झाली. मामा खाली बघत होते आणि भाऊ मामांकडे बघत होते. साहेब शांतपणे म्हणाले, "पहिल्यापासून."

पुन्हा अंधार. पुन्हा अठ्ठावीस हजार. मिनिटभर असा सन्नाटा की बाहेरच्या रस्त्यावरून टेम्पो गेलेला ऐकू आला. पॅनलमधून मात्र चकार शब्द नाही! दुसरी फेज, गप्प. तिसरी फेज, गप्प. दिवे लागल्यावर साहेबांनी पट्टी काढली आणि प्रत्येक केबलच्या मध्ये धरली, वरपासून खालपर्यंत. मग पत्र्यापासूनचं अंतर मोजलं. कुठेच थांबले नाहीत. खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि सही केली.

"पास."

शेडमध्ये एकदम आरडाओरडा झाला. भाऊंनी मामांना मिठी मारली. मामा मिठीतच ओरडत होते, "सांगितलं हुतं का न्हाई! गावाकडं फोन आदीच केलाय म्या!" कौसल्या डोळ्यांना पदर लावून हसत होती. मला आनंदाने काय करावं ते सुचेना, म्हणून मी उगीचच दिवे दोनदा घालवून लावले.

जनामावशींनी भजी आणली. मध्येच शेगडी बंद केल्यामुळे ती गार झालेली, गठ्ठा होऊन बसलेली. साहेब काही घेत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी रीत म्हणून कौसल्येने बशी त्यांच्यापुढे धरली.

साहेबांनी थर्मासचं झाकण लावता लावता बशीत पाहिलं.

"एकमेकांना चिकटलीयत," ते म्हणाले. "दुसरी आणा."

 हसावं की घाबरावं, भाऊंना कळेना. माझं लक्ष मामांकडे गेलं, तर मामा जागेवर नव्हते. कॅन्टीनमध्ये पुन्हा चुर्रर्र झालं. मग बराच वेळ कपांचा खणखणाट.

मामा आले ते हातात मोठं ताट घेऊन. बगलेत तिफण. ताटात चहाचे चार कप पॅनलमधल्या ठोकळ्यांसारखे पालथे घातलेले, एकमेकांपासून बरोबर तिफणीच्या दाताइतक्या अंतरावर, आणि ताटाच्या काठापासूनही लांब. प्रत्येक कपावर एक गरम भजं.

साहेबांनी ताटाकडे पाहिलं. मामांकडे पाहिलं. खिशातली पट्टी काढली. दोन कपांच्या मध्ये धरली. मग कप आणि काठाच्या मध्ये धरली. पट्टी पुसली, खिशात ठेवली आणि पहिलं भजं उचललं.